मान हलेपर्यंत

पिट्सबर्गच्या हिल नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत, वायली अ‍ॅव्हेन्यूच्या चढावर राहणाऱ्या ईनॉक टॉलिव्हरबद्दल लोक जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं निम्मं, यावर मात्र हिलवर अजून एकमत झालेलं नाही.

एवढं सगळ्यांनाच मान्य आहे, की पियानोवर साथ करावी ती ईनॉकनंच. ट्रंपेटवाला असो, सॅक्सोफोनवाला असो, गाणारी बाई असो. पुढच्यानं सूर उचलायच्या आत ईनॉकची बोटं त्याच्यासाठी जागा झाडून, सतरंजी अंथरून तयार. एकदा रूफस बँक्स ट्रंपेट वाजवत ऐन उंच सुरावर गेला आणि त्याची कवळी निसटून ट्रंपेटात जाऊन बसली. ईनॉकनं तिथल्या तिथे गाणं असं काही फिरवत ठेवलं, की रूफस शांतपणे मागच्या खोलीत गेला, पक्कड शोधली, कवळी उपसली, धुतली, बसवली, परत आला आणि त्याच सुरावर चढला. समोर बसलेल्यांना वाटलं, गड्यानं मोठा श्वास घेतला.

माउंट गिलियड चर्चचे डीकन पेटस जन्माचे तोतरे. पण ईनॉक मागे हलकेच वाजवत असला की तेच डीकन अशी झरझर प्रार्थना म्हणत, की देवालाच जरा थांबा म्हणायची वेळ यावी. ईनॉकच्या भिंतीपलीकडे एक नवरा-बायको राहायचे. त्यांचं भांडण जुंपलं की ईनॉक इकडून साथ धरायचा. मग भांडणाला ठेका यायचा, दोघांना एकमेकांच्या शिव्यांची लय सापडायची, आणि त्यांना त्याची इतकी गोडी लागली, की कोर्टात गेलेला घटस्फोट दोघांनी मिळून परत आणला.

बोलण्यातही ईनॉक असाच. समोरचा बोलत असला की हा जागच्या जागी ‘हं’, ‘अगदी’, ‘मग काय तर’ अशी भर घालणार. त्यामुळे त्याच्याशी बोलून गेलेला प्रत्येक जण म्हणायचा, काय छान बोलतो हा माणूस! प्रत्यक्षात त्यानं स्वतःहून वाक्य सुरू केल्याचं कुणाला आठवत नाही. लग्नाची मागणी घातली तीसुद्धा अशी: व्हर्डेल म्हणाली, “तुला मला काही विचारायचंय का?” ईनॉक म्हणाला, “हं.” ती म्हणाली, “माझी ना नाही.” झालं लग्न.

त्याच आठवड्यात व्हर्डेलनं बैठकीच्या खोलीत एक खिळा ठोकला.

“इथे तुझी रेकॉर्ड लागेल,” ती म्हणाली. “कव्हरच्या पुढच्या बाजूला तुझं नाव असलेली.”

हिलवर निघालेल्या प्रत्येक चांगल्या रेकॉर्डमध्ये ईनॉक होता. पण पुढे रूफसचं नाव, रूफसचा फोटो, रूफसचे दात. मागे, सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात: पियानो, ई. टॉलिव्हर. फोटोत तो आलाच तर त्याच्या तोंडासमोर कुणाच्या तरी ट्रंपेटचं तोंड यायचं आणि त्याचं नुसतं कोपर दिसायचं. व्हर्डेल बोट ठेवून आलेल्या-गेलेल्याला दाखवायची, “हे माझ्या नवऱ्याचं कोपर.” वर्षं गेली. खिळ्यावर आधी छत्री लागली, मग कॅलेंडर, आणि शेवटी तिची आई मिस ओडेसा अलाबामाहून कायमची राहायला आली तेव्हा त्यांचा जांभळा स्वेटर.

“खिळा चांगला आहे,” मिस ओडेसा म्हणायच्या. “अगदी जावयासारखा. सगळं त्याच्यावर लटकतं, आणि दिसत कुणालाच नाही.”

“आई!” व्हर्डेल म्हणायची.

“हं,” ईनॉक म्हणायचा.

आता यात ईनॉकचा दोष म्हणाल तर एकच. साथीदारांचा एक रिवाज आहे. बँडचा पुढारी आपलं वाजवून झालं की ज्याच्याकडे बघून मान हलवतो त्यानं सोलो घ्यायचा, म्हणजे आपलं डोकं आणि काळीज काय ते मोकळं करायचं. मान हलली नाही तर मुकाट साथ करायची. मान हलल्याशिवाय सोलो घेणारा म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारा, असं ईनॉकला लहानपणीच कुणीतरी शिकवलेलं, आणि ते त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. आणि नेमकी त्याच्या वाट्याला आली ती रूफसची मान. ती जणू टेकडीखालच्या पोलादाच्या कारखान्यातच ओतून घेतलेली. रूफसला घसा ओला करायचा असेल तेव्हा ती कशीबशी हलायची, आणि ईनॉक दोन ओळी वाजवतो न वाजवतो तोच रूफस ओठ पुसत परत हजर. त्या मानेकडे बघत बघत ईनॉकचे केस पिकले.

अशा या माणसावर एके दिवशी मिस्टर लुथर स्पर्जन यांची नजर गेली.

स्पर्जन यांचा मूळ धंदा लोकांना पुरण्याचा. हिलवरची सगळी प्रतिष्ठित मयतं त्यांच्याच हातून जायची. पण माणूस हौशी. त्यांनी मागच्या प्रार्थनागृहात टेपची यंत्रं बसवून रेकॉर्ड काढायचा जोडधंदा सुरू केला होता. जागा त्यासाठी घडवल्यासारखी होती: जाड मखमली पडदे, उत्तम पियानो, आणि अजिबात खोकत नाहीत अशी शेजारच्या खोलीतली गिऱ्हाइकं.

“ईनॉक,” एका शनिवारी मयतीचं वाजवून झाल्यावर स्पर्जन म्हणाले, “माझ्याकडे लोक येतात ते एकदाच. तू एकटाच दर आठवड्याला आपल्या पायांनी येतोस आणि आपल्या पायांनी जातोस. तुझ्यासाठी काहीतरी करावं म्हणतो.”

ईनॉकचा चेहरा उतरला.

“अरे, रेकॉर्ड! तुझी. पुढच्या बाजूला तुझं नाव. फुंकणारा एकही नाही, म्हणजे तुझ्या तोंडासमोर कुणाचा भोंगा येणार नाही. बास वाजवायला लॉन्झो, ड्रमवर पिकेट, आणि मधोमध तू. काय म्हणतोस?”

“हं,” ईनॉक म्हणाला. पण हा ‘हं’ त्यानं इतक्या वरच्या पट्टीत म्हटला, की स्पर्जननी पाणी मागवलं.

व्हर्डेलनं स्वेटर खिळ्यावरून काढून धुतला, घडी केली आणि पेटीत ठेवला. खिळ्याला तेल लावलं. खिळ्याला तेल लावायची काही गरज नसते, पण तिनं लावलं.

ठरल्या सोमवारी, सकाळची मयत आणि संध्याकाळची मयत यांच्या मधल्या दुपारी, टेप फिरू लागली. ईनॉकनं सुरुवात केली. सुरुवात अशी, की लॉन्झोच्या अंगावर काटा आला. मग गाण्याचं तोंड संपलं, सोलोची जागा आली, आणि ईनॉकनं साथ धरली.

सुंदर साथ. इथे एक बोट, तिथे दोन, मधे ऐसपैस मोकळी जागा. आवर्तन संपलं, दुसरं सुरू झालं. ईनॉक मान वर करून समोर बघतोय. समोर मखमली पडदा. पडदा काही हलेना. गाणं संपलं.

“ईनॉक,” लॉन्झो म्हणाला, “अरे, वाजव की.”

“वाजवतोय ना.”

“वाजवतोयस, पण कुणामागे? पुढे कुणी नाहीये, दादा!”

“हो, इशारा आला की—”

“कुणाचा इशारा? आज पुढारी तूच आहेस, लेका! मान तूच हलवायची!”

ईनॉकला हे एकदम पटलं. पुढच्या गाण्याला त्यानं स्वतःलाच इशारा द्यायचा ठरवलं. पण आपली मान आपल्याला दिसत नाही, ही त्यातली मुख्य अडचण. तेव्हा पिकेटनं मयतांचे केस विंचरायच्या खोलीतून मोठा आरसा आणून पियानोवर ठेवला. ईनॉकनं आरशात पाहिलं. आरशातल्या ईनॉकनं ईनॉककडे पाहिलं. दोघंही भिडस्त. ‘आधी तुम्ही’ म्हणत दोघं एकमेकांच्या मानेची वाट बघत राहिले, आणि त्यात उरलेली सगळी गाणी वाजून झाली.

“उद्या तरी जमेल का?” लॉन्झोनं विचारलं. “हं,” ईनॉक म्हणाला. पण संध्याकाळचं गिऱ्हाईक दाराशी येऊन थांबलं होतं, आणि टेप संपली होती. आता स्पर्जन फाडून खाणार, असं समजून तिघं खाली मान घालून उभे राहिले. टेप ऐकून पडद्यामागून स्पर्जन बाहेर आले ते डोळे पुसत.

“काय वाजवलंय!” ते म्हणाले. “आणि तो ट्रंपेटवाला! कुठून आणलात रे त्याला?”

“कोण ट्रंपेटवाला?” लॉन्झोनं विचारलं.

“चेष्टा करता काय म्हाताऱ्याची? पुन्हा लावतो, ऐका.”

त्यांनी टेप पुन्हा लावली. आणि खरंच सांगायचं तर पिकेटलाही ऐकू आला. लॉन्झोला आधी आला नाही, पण तिसऱ्या गाण्यात त्याचा पाय आपोआप हलायला लागला आणि तो म्हणाला, “आयला, हा तर भारी आहे.” ईनॉकनं जागाच अशी सोडली होती, की कान गप्प बसेचनात. रिकाम्या खुर्चीवर उशी ठेवली की माणूस येणारसं वाटतं ना, तसं.

रेकॉर्ड निघाली. कव्हरवर पुढे ठसठशीत अक्षरं: ईनॉक टॉलिव्हर. व्हर्डेलनं ती खिळ्यावर लावली, चार पावलं मागे सरून पाहिली, सरळ केली, पुन्हा मागे सरली. मिस ओडेसांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन नाव वाचलं आणि म्हणाल्या, “स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे!” त्या दिवशी घरात तळलेली मासळी आणि मक्याचा ब्रेड झाला, आणि ईनॉक एकटाच भिंतीकडे तोंड करून जेवला.

पण हिलवर दुसरंच पेटलं. न्हाव्याच्या दुकानात एकाची दाढी करताना वस्तरा तसाच हवेत, आणि वाद: ट्रंपेटवाला कोण? एक म्हणे शिकागोचा. दुसरा म्हणे, छे, हे न्यू ऑर्लिअन्सचं पाणी आहे. तिसऱ्यानं शपथेवर सांगितलं की माणूस डावरा आहे, ऐकूनच कळतं. पियानोबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. रूफस बँक्स तर टाचा आपटत म्हणाला, “माझाच चेला तो! ओठ कसे धरायचे ते मी शिकवलंय त्याला. माझा मफलर उसना घेऊन गेला तो आजतागायत परत नाही दिला!”

आणि मग एका दुपारी वादकांच्या युनियनचे सचिव ब्रदर मॅडॉक्स ईनॉकच्या घरी येऊन ठेपले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. व्हर्डेल स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. दार उघडं होतं.

“टॉलिव्हर, तुमच्या रेकॉर्डवर जो ट्रंपेट वाजवतोय तो आपला सभासद नाही. कोण आहे तो?”

“कोणी नाही, ब्रदर मॅडॉक्स.”

“कोणी नाही? दुसऱ्या गाण्यात त्याचा एक सूर घसरलाय. जो माणूसच नाही, त्याचा सूर कसा घसरेल?”

“हं,” ईनॉक म्हणाला.

“म्हणजे आहे. लपवू नका, नाहीतर तुमचंच कार्ड काढून घ्यावं लागेल. मग लग्नाकार्यातसुद्धा वाजवता यायचं नाही. दक्षिणेकडचा दिसतो. मेम्फिस?”

“असं होय...”

“वाटलंच मला. त्या बाजूची माणसं सूर मागून ओढतात. नाव काय? जेरेमायाबिरेमाया असणार.”

“अगदी.”

“जेरेमाया काय? माझा एक मेहुणा होता, पूल आडनावाचा. तोही असाच पळपुटा. त्याच्यातलाच का कुणी?”

“मग काय तर,” ईनॉक म्हणाला.

“जेरेमाया पूल!” ब्रदर मॅडॉक्स समाधानानं उठले. “त्याला म्हणावं, आधी सभासद हो. माणूस गुणी आहे, पण शिस्त म्हणून काही आहे की नाही?”

दार लागल्यावर व्हर्डेल हातात सुरी घेऊन बाहेर आली.

“ईनॉक! माझ्या डोळ्यांदेखत तू त्या माणसाला जन्म दिलास!”

“मी कुठे?” ईनॉक म्हणाला. “मी फक्त साथ केली.”

महिनाभरात स्पर्जननी रेकॉर्डची नवी आवृत्ती काढली. दुकानदार सारखे विचारत होते, ती पूलवाली रेकॉर्ड आहे का. माणूस धंद्यापुढे काय करणार? कव्हरवर पुढे जेरेमाया पूल, आणि धुक्यात उभी एक आकृती. मागे, सगळ्यात खाली: पियानो, ई. टॉलिव्हर. जुन्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती शवपेट्यांच्या गोदामात गेल्या.

व्हर्डेलनं खिळ्यावरची रेकॉर्ड उतरवली. “बघतोस काय?” ती म्हणाली.

“अगं, ती जुनी आहे,” ईनॉक म्हणाला. “तिच्यावर माझंच नाव आहे.”

“नाव तुझं आणि ऐकतात त्याला,” ती म्हणाली. “अशी लावून काय करू? ऊठसूट माणसं येऊन म्हणतात, पूलचा फोटो नाही का लावला? मला हे नाव ऐकायचं नाही.” आणि तिनं पेटीतून जांभळा स्वेटर काढून पुन्हा खिळ्याला अडकवला. ती रडली असती तर ईनॉकनं तिच्या रडण्यालाही बरोबर साथ केली असती. ती रडली नाही, म्हणून त्याला काही सुचेना.

त्या स्वेटरनं जेरेमाया पूलचं काही अडलं नाही. एल्क्स क्लबच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्याचा जाहीर कार्यक्रम ठरला आणि साथीला, अर्थात, ईनॉकला बोलावलं. दिव्याचा झोत रिकाम्या जागेवर पडला, ईनॉकनं साथ धरली, आणि लोकांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. मागे बसलेले म्हणाले, पुढच्यांच्या टोप्यांमुळे दिसला नाही. पुढे बसलेले म्हणाले, माणूस बुटका आहे, पियानोआड जातो. तीन बायकांनी तर बाहेर येऊन सांगितलं की त्यानं त्यांच्याकडे बघून डोळा मारला. त्या तिघींची नंतर जिन्यात जुंपली, आणि ईनॉक तिथे नव्हता म्हणून ते भांडण अगदीच बेसूर झालं.

हॉलमधून ईनॉक घरी आला. खोलीत दिवा लावला नाही. स्वेटरकडे बघत बसला. मग टोपी घातली, उतारावरून तडक स्पर्जनकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपणहून वाक्य सुरू केलं.

“मिस्टर स्पर्जन,” तो म्हणाला, “जेरेमाया वारला.”

स्पर्जन खुर्चीतून अर्धे उठले. “अरे देवा! केव्हा?”

“आत्ताच.”

“कशानं?”

इथे ईनॉकचा पल्ला संपला होता. पण स्पर्जन यांचा या विषयातला अनुभव दांडगा. “छातीनंच असणार,” तेच म्हणाले. “इतकी लांबण घ्यायचा आणि मधे श्वास घेतलेला कधी ऐकू आला नाही. मला तेव्हाच शंका आली होती. असा माणूस माझ्या हातून जाणार, ईनॉक! महागनीची पेटी काढतो. लाकडाचे पैसे तुझे न् पॉलिश माझं, काय?”

“अगदी,” ईनॉक म्हणाला. पैसे कुठून आणायचे ते त्याला कळलं नाही.

आता पेटीत काय ठेवायचं हा प्रश्न आला. पूल नावाचा माणूस होता यावर स्पर्जन यांचा पूर्ण विश्वास होता, पण त्याचं प्रेत काही मिळत नाही हेही त्यांना दिसत होतं. “कलावंत आहे,” ते म्हणाले. “वेळेवर कधी आलाय?” पण रिकामी पेटी खांदेकऱ्यांच्या लगेच लक्षात येते. म्हणून त्यांनी गोदामातल्या जुन्या आवृत्तीच्या उरल्यासुरल्या सगळ्या प्रती आत रचल्या आणि वर साटीनची चादर ओढली. उचलून पाहिलं. अगदी अंगानं बेताच्या माणसाचं वजन.

मयतीला अख्खी हिल लोटली. त्या तीन बायका विधवेच्या काळ्या जाळीत आल्या आणि पहिल्या बाकावर मधोमध बसण्यावरून कोपरांनी लढल्या. ब्रदर मॅडॉक्स युनियनतर्फे पुष्पचक्र घेऊन आले, कारण मेलेल्याला सभासद करून घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती. तिसऱ्या बाकावर व्हर्डेल, आणि तिच्या शेजारी चेरींच्या घोसाची मोठी काळी हॅट घातलेल्या मिस ओडेसा. पाद्रीबुवांनी कधी न भेटलेल्या माणसाबद्दल इतकं जिव्हाळ्यानं सांगितलं, की कुणाला काही वावगं वाटलं नाही. ते सगळ्यांबद्दल तेच सांगत.

मग रूफस बँक्स निरोपाचं वाजवायला उठला. ईनॉकनं साथ धरली. रूफसनं ट्रंपेट ओठांशी नेला, पेटीकडे पाहिलं, आणि त्याला हुंदका फुटला. “शेवटपर्यंत मफलर दिला नाही रे!” असं ओरडून तो पेटीवर कोसळला.

पियानो चालूच होता. एक बोट, दोन बोटं, मधे मोकळी जागा. सवयीनं सगळ्यांनी कान त्या जागेकडे लावले.

ट्रंपेट ऐकू येईना.

येणार कुठून? तो तर पेटीत होता, सगळ्यांना माहीत होतं. हिलवरच्या लोकांनी पहिल्यांदाच ती रिकामी जागा रिकामी ऐकली. कोपऱ्यात कुणीतरी मुसमुसलं. स्पर्जनना घाम सुटला. मयतीत त्यांना कशाचीही भीती नव्हती, एका शांततेची सोडून.

ईनॉकला सगळं दिसत होतं. आता कुणीतरी काहीतरी वाजवायला हवं, हेही दिसत होतं. त्याचे हात आतून जळायला लागले. त्यानं रूफसकडे पाहिलं. रूफसची मान पेटीवर आडवी. पाद्रीबुवांकडे पाहिलं, त्यांची मान देवाकडे. त्यानं पेटीकडेही पाहिलं. शेवटी काकुळतीला येऊन त्यानं बाकांवरून नजर फिरवली.

तर मिस ओडेसांचं असं होतं, की अलाबामात असल्यापासून त्यांना मयतीत झोप यायची. त्यांचे डोळे केव्हाच मिटले होते. आणि नेमकी ईनॉकची नजर पडायला आणि त्यांची मान हळूहळू जड होऊन, चेरींच्या घोसासकट, भक्कमपणे एकदा खाली जाऊन वर यायला एक गाठ पडली.

मान हलली!

ईनॉकनं सोलो घेतला.

आता तो कसा होता हे सांगणं अवघड आहे, कारण ऐकणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो. एवढ्या वर्षांच्या मोकळ्या सोडलेल्या जागा त्याच्याकडे साठल्या होत्या. त्या सगळ्या एकदम परत यायला लागल्या. पहिल्याच आवर्तनात पुष्पचक्रातल्या कळ्या उमलल्या. दुसऱ्यात डीकन पेटस उभे राहिले आणि न अडखळता आपल्या बायकोच्या माहेरच्या अकरा जणांची नावं म्हणाले. वर कबरस्तानात खड्डा खणणारे फावड्यांवर रेलून ऐकत राहिले आणि खड्डा तिरपा झाला. संध्याकाळचं पुढचं मयत दारात येऊन थांबलं होतं, पण त्याला कसली घाई!

आवर्तन संपत आलं की ईनॉक, शिकवल्याप्रमाणे, तिसऱ्या बाकाकडे बघायचा. आपलं झालं, आता थांबू का? आणि चेरींचा घोस पुन्हा खाली जायचा. घे अजून एक. ईनॉकच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी उदार मान त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

हे सगळ्या प्रार्थनागृहात एकट्या व्हर्डेलला कळलं होतं. ती नवऱ्याकडे बघे, आईकडे बघे, आणि श्वास रोखून बसे. पलीकडच्या बाईनं ‘अगं बाई, झोपल्यात वाटतं’ म्हणत मिस ओडेसांना ढोसायला कोपर उचललं.

“खबरदार हात लावशील तर,” व्हर्डेल ओठ न हलवता म्हणाली. “तुझी हॅट खाईन.”

बाईनं कोपर परत घेतलं. पण तेवढ्यात मिस ओडेसा घोरायला लागल्या. आधी बारीक, मग चांगल्या कारखान्याच्या भोंग्यासारख्या. ईनॉकच्या कानावर गेलं असतं तर संपलं होतं सगळं. व्हर्डेल ताडकन उभी राहिली आणि तिनं घोरण्यावर बरोबर नेम धरून आरोळी ठोकली, “आमेन!”

“आमेन!” हिल गरजली.

पुढचं घोरणं आलं. “आमेन!” आणि मग ते असंच चालू राहिलं, घोरण्याला आमेन, आमेनला पियानो. आयुष्यभर ज्यानं सगळ्यांची साथ केली, त्याची साथ त्या दिवशी अख्ख्या वस्तीनं केली, आणि ठेका धरला होता सासूबाईंनी.

शेवटी मिस ओडेसा दचकून जाग्या झाल्या, त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मान आडवी हलली. ईनॉकनं शेवटचा सूर ठेवला, हात मांडीवर घेतले.

कुणी टाळी वाजवली नाही, मयत होती. पण पहिल्या बाकावरच्या त्या तिघींनी काळ्या जाळ्या वर केल्या.

“हा कोण गं?” एक म्हणाली.

“कुणास ठाऊक. केव्हापासून बसलाय तिथे?”

“मी तर कायम ते कोपर बघायचे,” तिसरी म्हणाली. “त्याला माणूस आहे होय!”

पेटी पुरली. परतताना स्पर्जननी व्हर्डेलला गाठलं. “बाई, दगड माझ्यातर्फे. ‘येथे जेरेमाया पूल’ असं ठळक—”

“मिस्टर स्पर्जन,” व्हर्डेल म्हणाली, “पेटीत काय आहे?”

“अं... रेकॉर्डी.”

“त्यांच्यावर नाव कुणाचं?”

स्पर्जन थांबले. धंद्यात त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता: आत जे आहे त्याचंच नाव वर घालायचं. “पण बाई, तुमचा नवरा तर हा इथे उभा आहे!”

“मग वाचायला तरी मिळेल त्याला,” व्हर्डेल म्हणाली.

तो दगड टेकडीवरच्या कबरस्तानात आहे. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरं: ईनॉक टॉलिव्हर. मागे, सगळ्यात खाली, गवत बाजूला सारलं तर दिसतं: ट्रंपेट, जे. पूल. व्हर्डेलनं फोटोवाल्याला नेऊन त्याचा मोठा फोटो काढून घेतला, चौकट केली आणि खिळ्यावर लावला. जांभळ्या स्वेटरसाठी दुसरा खिळा ठोकला, जरा खाली. आल्यागेल्यांतले काही फोटो बघून हळहळतात आणि ईनॉकचे हात हातात घेऊन म्हणतात, फार चांगला वाजवायचा हो. ईनॉक म्हणतो, अगदी.

तो अजूनही रूफसच्या मागेच वाजवतो. फक्त एक अट त्यानं घातली, म्हणजे व्हर्डेलनं घातली: पियानोच्या बाजूला हातांची एक गुबगुबीत खुर्ची हवी. दुपारचं जेवण भरपूर झालेल्या मिस ओडेसा, चेरींची हॅट घालून, त्या खुर्चीत बसतात. कार्यक्रम रंगात येतो, त्यांचे डोळे मिटतात, मान खाली जाते, आणि मग रूफसनं ट्रंपेट ओठांशी नेला असला तरी त्याला तो खाली घ्यावा लागतो.

“हे काय चाललंय, मिस ओडेसा!” रूफस परवा कळवळून म्हणाला. “बँड माझा, नाव माझं, आणि मान तुमची? आणि तुम्ही तर चक्क झोपता!”

मिस ओडेसांनी हॅट सरळ केली.

“मी झोपत नाही, बँक्स. मी डोळे मिटून ऐकते. जावयाला विचार.”

रूफसनं ईनॉककडे पाहिलं.

“हं,” ईनॉक म्हणाला.